घरातील हिंसा, तज्ज्ञाची साक्ष आणि न्यायाची रीत

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाची भूमी म्हणजे आपली उज्जयिनी. गोविंद बल्लाळ देवल यांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हापासून चारुदत्त आणि वसंतसेना ही नावे मराठी घरांना परकी राहिली नाहीत. सोन्याच्या गाडीसाठी हट्ट धरणारा रोहसेन, शर्विलकाने पाडलेले भिंतीचे भगदाड, शकाराची बाष्कळ बडबड हे सारे रसिकांच्या ध्यानात असते. नवव्या अंकात उज्जयिनीच्या न्यायसभेत जो खटला चालतो, त्याच्याकडे मात्र सहसा कोणी बारकाईने पाहत नाही. आजच्या एका गंभीर प्रश्नाचा विचार करताना तो खटला अवश्य डोळ्यांपुढे आणावा असा आहे.

वसंतसेनेने राजाचा मेहुणा शकार याला झिडकारले, म्हणून तो उद्यानात तिचा गळा दाबतो आणि ती मेली असे समजून निघून जातो. दुसऱ्या दिवशी तोच फिर्यादी होऊन न्यायसभेत उभा राहतो आणि दागिन्यांच्या लोभाने चारुदत्ताने तिला मारले असा आरोप करतो. न्यायाधीश प्रथम ही फिर्याद ऐकण्यास नाखूष असतो. राजाला सांगून तुला पदावरून दूर करीन अशी धमकी मिळताच तो नमते घेतो. बोलण्याच्या ओघात ‘हे कृत्य मी केलेले नाही’ अशा अर्थाचे शब्द शकाराच्या तोंडून निसटतात. लेखक ते टिपून घेतो. आपण फसलो हे ध्यानी येताच शकार ते शब्द पायाने पुसून टाकतो! उद्यानात देह आहे की नाही हे पाहण्यासाठी न्यायाधीश वीरक नावाच्या नगररक्षकाला घोड्यावरून पाठवतो. तो परत येऊन श्वापदांनी ओढलेले एका स्त्रीचे अवशेष पाहिल्याचे सांगतो. ते कोणाचे, ती स्त्री कशाने मेली, हे कोणी विचारीत नाही. तेवढ्यात मैत्रेयाच्या जवळून दागिने खाली पडतात आणि चारुदत्ताचे भवितव्य ठरून जाते. न्यायाधीशाला आरोपीच्या सज्जनपणाची खात्री आहे, तरीही पालक राजा देहांताची शिक्षा फर्मावतो. वसंतसेना मात्र जिवंत असते. एका भिक्षूने तिला वाचवलेले असते, आणि ती वेळेवर वधस्थानी पोचली म्हणूनच चारुदत्ताचे प्राण वाचतात.

त्या न्यायसभेत एकाही वैद्याला बोलावणे गेले नाही. ही विद्या त्या काळी भारतात ठाऊक नव्हती, असे म्हणता येणार नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात अकस्मात मृत्यू आलेल्या माणसाच्या देहाची परीक्षा कशी करावी, यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. देहाला तेल लावून तपासावे, गळा आवळून मारल्याची चिन्हे कोणती, विषप्रयोगाची कोणती, हे त्यात सांगितले आहे. मृत्यूनंतर देह टांगून आत्महत्येचा देखावा केला गेला आहे काय, घरात कलह होता काय, याचीही चौकशी करावयास सांगितले आहे. शास्त्र होते, ते न्यायसभेपर्यंत पोचले नाही, इतकेच.

या खटल्यात अन्याय दोघांवर झाला. ज्या स्त्रीचा गळा दाबला गेला तिचा खरा अपराधी मोकळा हिंडत राहिला, आणि जो निरपराध होता त्याच्या गळ्यात वधमाला पडली. दोन्ही अन्यायांचे मूळ एकच होते. पुरावा तपासण्याची रीत पाळली गेली नाही. घरातील हिंसेच्या खटल्यांविषयी आज दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, आरोपीच्या हक्कांचे फार स्तोम माजवल्याने स्त्रीला न्याय मिळत नाही. दुसरा म्हणतो, स्त्रीच्या बाजूने केलेल्या कायद्यांनी निरपराध कुटुंबे भरडली जातात. आरोपीला मिळणारी न्याय्य वागणूक आणि पीडित स्त्रीला मिळणारा न्याय या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत, असे दोघेही गृहीत धरतात. प्रत्यक्षात दोन्हींचा आधार एकच आहे: नीट गोळा केलेला, नीट तपासलेला पुरावा. त्या पुराव्यात तज्ज्ञाच्या साक्षीचे स्थान मोठे आहे, कारण चार भिंतींच्या आत घडलेल्या गोष्टीला बाहेरचा साक्षीदार क्वचितच मिळतो.

पुण्याचा खटला

महाराष्ट्रात या प्रश्नाची सर्वांत जास्त चर्चा ज्या खटल्याने घडवली, तो पुण्याचा. १९८२ च्या फेब्रुवारीत विवाह होऊन पुण्यात आलेली मंजुश्री सारडा ही बीडची तरुणी त्याच वर्षी जूनमध्ये, लग्नानंतर जेमतेम चार महिन्यांत, विषाने मरण पावली. विष पोटॅशियम सायनाइडचे होते. पतीवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा दिली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १७ जुलै १९८४ रोजी न्यायमूर्ती फाजल अली, वरदराजन आणि सब्यसाची मुखर्जी यांच्या पीठाने आरोपीला निर्दोष ठरवले. ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो.

मृत्यू विषाने झाला, याविषयी वाद नव्हता. प्रश्न होता तो ते विष दिले गेले की घेतले गेले हा. शवविच्छेदनाने विष ओळखता येते. ते कोणाच्या हाताने ओठांपर्यंत गेले हे सांगता येत नाही. मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे न्यायालयापुढे होती. त्यांतून तिची खिन्नता आणि सासरचे एकाकीपण स्पष्ट दिसत होते. पण तीच पत्रे आत्महत्येच्या शक्यतेकडेही बोट दाखवीत होती. आरोपीजवळ सायनाइड होते, हे फिर्यादी पक्षाला सिद्ध करता आले नाही. शवविच्छेदनाच्या टिपणात आत्महत्येच्या शक्यतेविषयीचे शब्द खोडलेले होते, आणि त्या खाडाखोडीची सर्वोच्च न्यायालयाने गंभीरपणे दखल घेतली. शकाराने पायाने पुसलेल्या शब्दांची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. डॉक्टरचा हेतू काहीही असो, तज्ज्ञाच्या कागदावर एक शब्द खोडला गेला की त्या संपूर्ण कागदावरचा विश्वास डळमळतो.

या निकालात परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे सांगितली आहेत, आणि न्यायालयाने त्यांना पंचशील असेच म्हटले आहे. ज्या गोष्टींवरून निष्कर्ष काढावयाचा त्या पूर्णपणे सिद्ध झाल्या पाहिजेत. त्या केवळ आरोपीच्या दोषाशीच जुळल्या पाहिजेत. त्या निर्णायक स्वरूपाच्या असाव्यात. दोषाखेरीज अन्य प्रत्येक शक्यता त्यांनी दूर केली पाहिजे. आणि पुराव्याची साखळी अखंड असली पाहिजे. या सूत्रांचे मूळ १९५२ च्या ‘हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या निकालात आहे, तर ‘असू शकेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतील अंतर १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात अधोरेखित झाले होते. भारतीय फौजदारी न्यायाच्या या पायाच्या दगडांवर मराठी नावे कोरलेली आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

सारडा निकालाने आणखी एक दंडक घालून दिला. जी गोष्ट आरोपीपुढे मांडून तिचा खुलासा मागितला गेला नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. न्यायाधीशाने आरोपीला प्रश्न विचारण्याची ही पायरी पुष्कळदा उपचार म्हणून उरकली जाते. तिच्यात कसूर राहिली तर वर्षानुवर्षांचे परिश्रम पाण्यात जातात.

निकाल पचवणे सोपे नव्हते. मंजुश्रीच्या मृत्यूने पुण्यातील स्त्रिया रस्त्यावर आल्या होत्या. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १९८२ मध्ये नारी समता मंचाची स्थापना केली आणि ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन ठिकठिकाणी नेले. देशभर अशीच चळवळ उभी राहिली आणि १९८३ च्या डिसेंबरात भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ आले. पती वा सासरच्यांनी केलेला छळ हा प्रथमच स्वतंत्र गुन्हा ठरला. विवाहापासून सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाल्यास त्याच्या चौकशीचे नियमही याच दुरुस्तीने कडक झाले. १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम आले. पण घटनेच्या विसाव्या अनुच्छेदानुसार कृत्य घडले त्या वेळी जो गुन्हा नव्हता त्याबद्दल मागाहून शिक्षा देता येत नाही. मंजुश्रीच्या खटल्याला नव्या कायद्याचा उपयोग नव्हता.

सर्पदंशाची कहाणी

केवळ हाच निकाल वाचला, तर घरात झालेला खून कधी सिद्धच होणार नाही अशी निराशा वाटेल. म्हणून त्याच्या जोडीने ‘त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा २००६ चा निकाल वाचावा. प्रकरण नांदेड जिल्ह्यातील. विवाहिता सासरी मरण पावली आणि सर्पदंशाने गेली असे सांगण्यात आले. खेड्यात साप चावून माणूस जाणे ही काही अघटित गोष्ट नव्हे. परंतु शवविच्छेदन झाले आणि मृत्यू गळा दाबल्याने झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. सर्पदंशाची कहाणी तेथेच कोसळली.

या निकालात न्यायालयाने जे सांगितले ते प्रत्येक कुटुंबाने ध्यानी ठेवावे असे आहे. घराच्या एकांतात गुन्हा घडतो तेव्हा बाहेरचा साक्षीदार मिळणे कठीण असते. फिर्यादी पक्षाने मूळ गोष्टी सिद्ध केल्यावर, जे फक्त घरातल्या माणसालाच ठाऊक असू शकते त्याचा खुलासा त्याने केला पाहिजे. खुलासा दिलाच नाही किंवा खोटा दिला, तर ती साखळीतील आणखी एक कडी ठरते. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, १९५६ मध्येच या नियमाची मर्यादा सांगून ठेवली होती: गुन्हा सिद्ध करण्याचे मूळ ओझे सरकारवरच असते, या नियमाच्या आडून ते आरोपीच्या खांद्यावर टाकता येत नाही.

म्हणजे पुणे आणि नांदेड या दोन निकालांत नियम बदललेला नाही. एके ठिकाणी तज्ज्ञाचे शास्त्र ज्या रेषेपर्यंत जाऊ शकत होते तेथे थांबले आणि पुढची जागा भरण्यास पुरावा नव्हता. दुसऱ्या ठिकाणी गळ्यावरील खुणांनी संशयाला जागाच ठेवली नाही. डॉक्टरचा निर्णय स्पष्ट, तर निकाल स्पष्ट.

तज्ज्ञ कोणाला म्हणावे?

सर्वसाधारण साक्षीदाराने आपण जे पाहिले वा ऐकले तेवढेच सांगावे. मत देऊ नये. या नियमाला तज्ज्ञ हा अपवाद आहे. त्याला मत देण्याची मुभा आहे, पण त्या मताचे कारणही त्याने दिले पाहिजे. १९९९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तज्ज्ञाचे काम न्यायाधीशापुढे शास्त्रीय कसोट्या ठेवण्याचे आहे, म्हणजे त्या कसोट्या लावून न्यायाधीश स्वतः निर्णय करील. डॉक्टर साक्ष देतो. निवाडा देत नाही. ‘मृत्यू भाजल्याने झाला आणि श्वासनलिकेत काजळी आढळली’ हे तो सांगू शकतो. त्यावरून आग लागली तेव्हा ती स्त्री जिवंत होती हे कळते. आग कोणी लावली, हे श्वासनलिका सांगत नाही.

शास्त्राची कक्षा काळानुसार विस्तारते. वर उल्लेखिलेल्या नरगुंदकर खटल्यात टंकलेखन यंत्राच्या तज्ज्ञाचे मत न्यायालयाने अग्राह्य मानले होते. १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत चुकीचे ठरवले. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. त्याच्या ३९ व्या कलमात जुन्या यादीपुढे ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ असे शब्द जोडले गेले आहेत. त्यामुळे मानसशास्त्रज्ञासारख्या तज्ज्ञाच्या साक्षीला आता शंकेची जागा राहिलेली नाही.

आपल्या प्रदेशात विवाहितेचा अकस्मात मृत्यू झाला की ठाण्यात प्रथम ‘मर्ग’ कायम होतो. पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, आणि विषाचा संशय असेल तर आतड्यांचे नमुने मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून, सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवले जातात. मध्य प्रदेशाची राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळा सागर येथे आहे. बाटलीवरचे सील, त्यावरची चिठ्ठी, ती कोणाच्या हातातून कोणाच्या हाती गेली याची नोंद या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात. परंतु बचाव पक्षाचा चांगला वकील नेमके तेथेच बोट ठेवतो, आणि ठेवलेच पाहिजे. सरकारी रासायनिक परीक्षकाचा अहवाल न्यायालय त्याला न बोलावताही वाचू शकते. नव्या संहितेने आणखी पुढे जाऊन असे म्हटले आहे की, एखाद्या पक्षाने अहवालावर आक्षेप घेतल्यावाचून तज्ज्ञाला हजर राहावयास सांगू नये. यामुळे पेशीवर पेशी पडणे कमी होईल हे खरे. मात्र जो आरोपी निरक्षर आहे, किंवा ज्या मुलीच्या आईबापांना कायद्याची भाषा कळत नाही, त्यांच्या वकिलाने आक्षेप घ्यावयाचा तो वेळेवर घेतला पाहिजे. मौन म्हणजे संमती, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

जळालेल्या स्त्रियांच्या खटल्यांत मृत्युपूर्व जबानीचा प्रश्न पुनःपुन्हा येतो. जबानी देताना ती शुद्धीवर होती, तिची मनःस्थिती ठीक होती, असे डॉक्टरचे प्रमाणपत्र नसेल तर ती जबानी निरुपयोगी समजावी काय? १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन पीठांनी दोन निरनिराळी उत्तरे दिली होती. ‘लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या २००२ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने वाद मिटवला. प्रमाणपत्र असावे हा सावधगिरीचा नियम आहे. पण जबानी घेणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली असेल आणि न्यायालयालाही ती पटत असेल, तर केवळ प्रमाणपत्राच्या अभावी मरणाऱ्या स्त्रीचा शब्द टाकून देता येणार नाही. येथेही सूत्र तेच दिसते. तज्ज्ञाचे मत मोलाचे आहे, परंतु ते न्यायाधीशाच्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही.

मनाच्या जखमा

‘इतका मार खाऊन ती राहिली कशाला?’ हा प्रश्न आपल्या बैठकीत जसा विचारला जातो तसाच न्यायालयातही विचारला जातो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. तणाव साठतो, मारहाण होते, मग पश्चात्ताप आणि गोड बोलणे. काही दिवसांनी पुन्हा तेच. या चक्रात सापडलेल्या स्त्रीला सुटकेची वाटच दिसेनाशी होते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये लॅव्हली खटल्यात अशा तज्ज्ञाची साक्ष ग्राह्य मानली. इंग्लंडमध्ये किरणजित अहलुवालिया या पंजाबी स्त्रीला पतीच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली होती. मूळ खटल्यात तिच्या मनःस्थितीविषयीचा वैद्यकीय पुरावा पुढे आलाच नव्हता. १९९२ मध्ये तो अपील न्यायालयापुढे आला, शिक्षा रद्द होऊन फेरखटल्याचा आदेश झाला आणि अखेरीस ती मुक्त झाली. आपल्या देशात गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मंजू लाकडा खटल्यात हा विचार स्वीकारून खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा ठरवला.

या उदाहरणांत एक गोष्ट विशेष लक्षात येते. किरणजित आणि मंजू या दोघी पीडित होत्या आणि आरोपीही होत्या. आरोपीचा हक्क म्हणजे नेहमी मारणाऱ्या पुरुषाचाच हक्क, असे ज्यांना वाटते त्यांनी याचा विचार करावा. आज आरोपीच्या पिंजऱ्यातील माणसाचे जे संरक्षण आपण कमी करू, तेच उद्या एखाद्या गांजलेल्या सुनेला लागणार असते. अर्थात या मानसशास्त्रीय साक्षीलाही मर्यादा आहेतच. मार सोसणारी स्त्री गप्प का राहते, हे तज्ज्ञ समजावून सांगू शकतो. अमुक दिवशी अमुक माणसाने मारले, हे त्याच्या तोंडून सिद्ध होत नाही. काहींनी वॉकर यांच्या सिद्धान्तावर टीकाही केली आहे. म्हणून अशा साक्षीचीही उलटतपासणी व्हावी हेच योग्य.

दोन पारडी

घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील ‘कायद्याने घालून दिलेली रीत’ ही न्याय्य, योग्य आणि वाजवी असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात सांगितले. त्याच वर्षी ‘हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने गरीब कैद्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क मान्य झाला. २०१४ मध्ये अर्णेश कुमार खटल्यात न्यायालयाने पोलिसांना बजावले की, छळाची तक्रार आली म्हणून लगोलग अटक करू नये. अटकेची गरज का आहे याची कारणे लिहून ठेवावीत. दूर राहणारी नणंद, अंथरुणाला खिळलेला आजेसासरा यांचीही नावे सरसकट तक्रारीत घातली की खऱ्या अपराध्याविरुद्धची धार बोथट होते, हा अनुभवी वकिलांचा नित्याचा अनुभव आहे.

दुसऱ्या पारड्यातही काही पडले आहे. २००९ च्या अखेरीस पीडित पक्षाला निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील करण्याचा हक्क मिळाला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात शिक्षेपेक्षा संरक्षणावर भर आहे: राहत्या घरातून हुसकून न लावण्याचा आदेश, निर्वाह, मुलांचा ताबा. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी आणि अर्जाचा निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले आहे. त्याच्या पंधराव्या कलमानुसार न्यायदंडाधिकारी कुटुंबकल्याणाच्या कामातील जाणकार व्यक्तीचे, शक्यतो स्त्रीचे, साहाय्य घेऊ शकतो. प्रसंग तातडीचा असेल तर दुसऱ्या बाजूला न ऐकताही तात्पुरता आदेश देता येतो. पण पुढे त्या बाजूला आपले म्हणणे मांडून तो बदलून मागण्याची मुभा आहे. संरक्षण तात्काळ आणि निर्णय दोघांचे ऐकून, हा तोल या कायद्याने साधला आहे.

आपल्या घरांसाठी

रानोजी शिंद्यांच्या काळापासून माळव्यात रुजलेली आपली कुटुंबे लेकी देतात त्या पुण्याला, नागपूरला, बडोद्याला, आता परदेशातही. मुलगी दुखावून उज्जैनला परत आली, तर खटल्यासाठी तिने पुन्हा त्याच गावी खेटे घालावेत काय? रूपाली देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की, छळामुळे घर सोडून जेथे ती आश्रयाला आली तेथेही तिची तक्रार दाखल होऊ शकते, कारण मनाच्या यातना तेथेही चालूच असतात. २००५ च्या कायद्याखालील अर्जही ती जेथे तात्पुरती राहते तेथे करता येतो. हे माहीत नसल्याने अनेक पालक वर्षे वाया घालवतात.

मुलगी अंगावर वळ घेऊन आली तर प्रथम हळद लावली जाते आणि मग ‘घरातली गोष्ट घरात’ असे म्हटले जाते. हळद अवश्य लावावी. पण त्याआधी जिल्हा रुग्णालयात नेऊन तपासणी करवावी आणि एम.एल.सी.ची नोंद करवून घ्यावी. वळाचा रंग लाल, निळा, हिरवट, पिवळा असा बदलत साधारण पंधरवड्यात नाहीसा होतो. रंगावरून दिवस मोजणे अंदाजाचेच असते. म्हणून पहिल्याच दिवशीची नोंद मोलाची. डॉक्टरला खरे कारण सांगावे. ‘जिन्यावरून पडले’ असे एकदा लिहिले गेले की पुढे तेच वाक्य उलटतपासणीत तिच्यावर उलटते.

पत्रांची जागा आता मोबाइलने घेतली आहे. संदेशांची छापील प्रत काढून मूळ पुसून टाकणे ही मोठी घोडचूक होय. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ यंत्र हजर केले नाही तर विद्युत-नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. नव्या कायद्यात त्या प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही लागते. म्हणून फोन जपून ठेवावा, त्यात काही खोडू नये, काही भर घालू नये.

नव्या संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. ती प्रत्यक्ष लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. हुंडाबळीचा गुन्हा तिच्यात येतो. नुसत्या छळाचा गुन्हा, ज्याला शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, तो येत नाही. म्हणजे मुलगी जिवंत असेपर्यंत पुरावा जपण्याची पहिली जबाबदारी पुष्कळ अंशी तिच्या माणसांवरच पडते. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अटकेत असलेल्यालाही मिळतो. एकाच दारातून दोघांना मदत देणारी ही योजना न्यायाचे खरे स्वरूप सांगून जाते.

आणि आपला मुलगा आरोपी असेल तर? तेव्हाही हाच मार्ग. दोषारोपपत्राच्या प्रती मागून घ्याव्यात, तज्ज्ञाच्या अहवालावर आक्षेप असेल तर तो वेळीच नोंदवावा, आपल्या बाजूचा तज्ज्ञ बोलावण्याचा हक्क वापरावा, न्यायाधीश विचारतील त्याचे खरे उत्तर द्यावे. सुनेच्या अंगावरचे वळ खोटे आहेत असे म्हणण्याआधी ते आपल्या घरात कोणी पाहिले होते काय, हे मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या मनाला विचारावे. मोठमोठ्या तज्ज्ञांनाही न मिळणारा पुरावा पुष्कळदा सासूच्या, दिराच्या, शेजारणीच्या डोळ्यांत असतो. ते डोळे खाली वळतात, म्हणूनच न्यायालयाला बाटलीतल्या नमुन्यांवर अवलंबून राहावे लागते.